वणवा, दुष्काळ आणि आपले घर
सातारा-सांगलीच्या वाड्यावस्त्यांसाठी एक अभ्यास

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत पावसाची जी विषमता आहे ती फार थोड्या प्रदेशांत आढळेल. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पूर्वेकडे माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंतच्या पट्ट्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास घुटमळतो. जावळी, पाटण, शिराळा या पश्चिमेकडील तालुक्यांत पावसाळ्यानंतर डोंगरउतारांवर पुरुषभर उंचीचे गवत उभे असते आणि माघ-फाल्गुनापर्यंत ते वाळून कोळ होते. पूर्वेकडे गवत विरळ, परंतु बांध, काट्याची कुंपणे, कडब्याच्या गंजी व उसाचे पाचट ही सारी सामग्री घराला लागून असते. म्हणून वणव्याचा धोका दोन्हीकडे आहे. त्याचे रूप तेवढे वेगळे आहे.

दुष्काळ हा आपल्या लोकांना नवा नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, हे आपण पाहिले. त्याच वर्षी कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने श्रमदानाने पाणी अडवून राज्यात पहिला क्रमांक मिळवला, हेही पाहिले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत साताऱ्यातील वाई व खंडाळा हे तालुके होते. दुष्काळाची चर्चा होते ती पाणी, पीक व जनावरे यांच्या अंगाने. दुष्काळ आणि आग यांच्या नात्याचा विचार मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात तो करण्याचा प्रयत्न आहे.

दुष्काळात आग का वाढते?

आगीला तीन गोष्टी लागतात : जळण, हवा आणि उष्णता. दुष्काळ यांपैकी जळणाची कोरड वाढवतो आणि आपल्या हातातील विझवण्याचे साधन, म्हणजे पाणी, काढून घेतो. विहिरी तळाला गेलेल्या असतात, टँकर दोन-चार दिवसांआड येतो. दुसरीकडे, चारा सोन्याच्या मोलाचा झाल्यामुळे शेतकरी मिळेल तो कडबा, वाढे, भुसा घराशेजारी साठवतो. तिसरी गोष्ट अशी की कर्ती माणसे ऊसतोडीला किंवा मुंबई-पुण्याला गेलेली असतात. वस्तीवर वृद्ध, लेकरे आणि बंद घरे उरतात. बंद घरासमोरचा पाचोळा कोणी झाडत नाही आणि तेथे पडलेली ठिणगी कोणाला दिसत नाही.

आपल्याकडील वणवा बहुतांशी जमिनीलगत धावणारा, गवताचा व पालापाचोळ्याचा असतो. तो जवळजवळ सर्वस्वी मनुष्यनिर्मित असतो. बांध पेटवणे, पाचट जाळणे, मध काढताना केलेला धूर, फेकलेली विडी, सहलीला आलेल्यांनी न विझवलेली चूल, लोंबकळणाऱ्या विजेच्या तारांची ठिणगी ही त्याची नेहमीची कारणे. यांत भर पडते ती एका जुन्या समजुतीची : डोंगर जाळला की पुढच्या वर्षी गवत चांगले येते. जळालेल्या ठोंबांना लवकर कोवळे कोंब फुटतात, यावरून ही समजूत रुजली असावी. परंतु दरवर्षीच्या आगीत सकस गवतांचे बी जळते, कुसळी गवत माजते आणि उघड्या पडलेल्या उताराची माती वळवाच्या पहिल्या जोरदार सरीबरोबर ओढ्याला जाते. माती गेली की पाणी मुरत नाही. पाणी मुरले नाही की झरे लवकर आटतात. म्हणजे दुष्काळ वणव्याला बळ देतो आणि वणवा पुढचा दुष्काळ तीव्र करतो. एकातून दुसरे उपजते आणि एक थांबवले की दुसरे मंदावते, हा कार्यकारणाचा नियम बौद्ध वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

विनयातील एक प्रसंग

वणव्यासंबंधी तथागतांनी भिक्खुसंघाला घालून दिलेला नियम विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आला आहे. काही भिक्खूंनी रान पेटवले, तेव्हा लोकांनी त्यांना दोष दिला. भगवंतांनी रान पेटवणे हा अपराध ठरवला. पुढे विहारांभोवती गवत माजले आणि वणव्यात विहार जळू लागले. तेव्हा, येणाऱ्या वणव्यासमोर प्रतिअग्नी लावण्यास व ‘परित्त’, म्हणजे संरक्षण, करण्यास त्यांनी अनुमती दिली. हे संरक्षण म्हणजे निवासाभोवतीचे गवत तासून काढणे व चर खणणे, असा अर्थ परंपरेने लावला आहे.

परित्त हा शब्द आपण परित्राण पाठाच्या संदर्भात नेहमी ऐकतो. वणव्यासमोर सत्यवचन उच्चारणाऱ्या लाव्याच्या पिलाची वट्टक जातकातील कथाही आपल्या मुलांना ठाऊक असते. परंतु विनयातील परित्त कुदळीने व खुरप्याने करावयाचे आहे. पाठ मन स्थिर करतो. घर वाचवण्यासाठी हात चालवावे लागतात. यांतील एक दुसऱ्याला पर्याय नाही.

घर पेटते कसे?

ज्वालांची भिंत चालून येते आणि घर गिळते, अशी सर्वसाधारण कल्पना असते. प्रत्यक्षात अनेक घरे उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात. वाऱ्याबरोबर आलेला निखारा कौलांच्या फटीतून माळ्यावरील भुशावर पडतो, पन्हळीतील पाचोळ्यात अडकतो, गोवऱ्यांच्या हुडव्यात धुमसत राहतो. वणवा पुढे निघून गेल्यावर तासाभराने घर पेट घेते.

ऑस्ट्रेलियात ७ फेब्रुवारी २००९ रोजी, अनेक वर्षांच्या अवर्षणानंतर, व्हिक्टोरिया प्रांतात लागलेल्या वणव्यांत १७३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील निम्म्याहून अधिक घरांच्या आत होती. जेथे बंब आहेत, पक्के रस्ते आहेत, तेथेही शेवटच्या क्षणी केलेली धावपळ पुरी पडली नाही. तयारी आधीची हवी आणि निघायचे तर लवकर निघायचे, हे दोन धडे त्या देशाने फार मोठी किंमत देऊन घेतले.

उताराचाही विचार केला पाहिजे. आग चढावर वेगाने धावते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. म्हणून डोंगराच्या खांद्यावर किंवा घळीच्या तोंडाशी असलेल्या वस्तीने आपल्या खालच्या अंगाची सफाई जास्त रुंद ठेवावी.

घराभोवतीचे तीन पट्टे

पहिला पट्टा भिंतीपासून दोन मीटरचा. यात जळेल असे काहीही नको : सरपण नको, गोवऱ्या नकोत, रिकामी पोती व प्लॅस्टिकचे कागद नकोत. सारवलेले किंवा मुरूम टाकलेले स्वच्छ अंगण हेच येथील उत्तम संरक्षण. आपल्या आयाबहिणी रोज पहाटे अंगण झाडतात. ही सवय घराच्या मागच्या बाजूलाही लावावी.

दुसरा पट्टा सुमारे दहा मीटरपर्यंतचा. येथील गवत कापून घ्यावे, झाडांच्या जमिनीला टेकणाऱ्या व छपरावर आलेल्या फांद्या छाटाव्यात. बाभळी-बोरीच्या वाळल्या काट्यांचे कुंपण ही घरापर्यंत आग आणणारी वात आहे. ते घराला भिडू देऊ नये; शेवटचा भाग दगडांचा रचावा किंवा तेथे घायपात, निवडुंग यांसारखी ओलावा धरणारी झाडे लावून त्यांची सुकलेली पाने काढत राहावे.

तिसरा पट्टा त्यापलीकडचा. कडब्याची गंज घरापासून व गोठ्यापासून किमान पंधरा मीटर दूर, शक्य तर वाऱ्याच्या खालच्या अंगाला असावी. एक मोठी गंज रचण्यापेक्षा दोन लहान गंजी अंतराने रचल्यास एक गेली तरी दुसरी वाचते. दुष्काळात हा फरक गाय दावणीला राहण्याचा की बाजारात जाण्याचा असू शकतो. गंजीभोवती नांगराचे दोन तास फिरवावेत. विजेच्या तारांखाली गंज कधीही रचू नये. तारा लोंबत असतील तर वीज कंपनीकडे लेखी अर्ज करून त्याची पोच ठेवावी.

छपरावरील सरकलेली कौले बसवावीत, फटी मातीने किंवा चुन्याने बुजवाव्यात, पत्र्याच्या टोकांना जाळी लावावी. माळ्यावर भुसा व जुने कपडे साठवू नयेत. तासगाव-कवठेमहांकाळ भागात बेदाण्याच्या शेडवरील जाळी व प्लॅस्टिक झटकन पेटते. तेथे चूल किंवा विडी नको.

या साऱ्यात महत्त्वाची बाब अशी की गवत जाळण्याऐवजी कापले तर एकाच श्रमात दोन कामे होतात. कापलेला पट्टा जाळरेषेचे काम करतो आणि गवत वैरणीला मिळते. दुष्काळात जे जळण आहे तेच चारा आहे. डोंगर पेटवणारा आपल्याच जनावरांच्या तोंडचा घास पेटवतो.

थोडक्या पाण्यात काय करावे?

एक बॅरल पाणी आगीसाठी वेगळे ठेवावे, त्यावर झाकण व खूण असावी. भांडी घासलेले पाणीही यास चालते. त्याशेजारी दोन बादल्या, ओली करता येतील अशी गोणपाटे, फावडे आणि मातीचा किंवा वाळूचा ढीग असावा. गवताची लहान आग ओल्या गोणपाटाने किंवा निरगुडी-करंजाच्या हिरव्या डहाळ्यांनी झोडपून विझते. झोडपताना वाऱ्याकडे पाठ असावी आणि कडेकडेने आत जावे. समोरून तोंड देऊ नये. प्रतिअग्नी लावण्याचे काम मात्र वनखात्याच्या प्रशिक्षित माणसांचे आहे. आपण ते करू नये.

माणदेशाची लोकरीची घोंगडी ही मोठी सोबत आहे. लोकर सहज पेट घेत नाही. कपडे पेटलेल्या माणसाला तिच्यात गुंडाळून जमिनीवर लोळवता येते. नायलॉनची साडी किंवा शर्ट घालून आगीजवळ जाऊ नये. भाजलेल्या जागी हळद, टूथपेस्ट, शाई न लावता वीस मिनिटे साधे थंड पाणी घालावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

आग वस्तीकडे वळली तर सर्वप्रथम मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया व आजारी माणसे बाहेर काढावीत. जनावरांची दावी सोडावीत. सुटत नसतील तर कापावीत. नांगरलेले रान, कोरडे नदीपात्र किंवा आधीच जळून गेलेली जमीन येथे आसरा घ्यावा. चढावर पळू नये. वनखात्याचा क्रमांक १९२६, अग्निशमनाचा १०१ आणि आपत्कालीन ११२ हे भिंतीवर ठळक लिहून ठेवावेत.

आपल्या सणवारांचे वेळापत्रक

कामाची आठवण राहावी म्हणून ते आपल्या स्मरणीय दिवसांशी जोडावे, अशी सूचना आहे.

धम्मचक्र प्रवर्तन दिन, १४ ऑक्टोबर : पावसाळा सरत असतो. कौले, पन्हळी, वायरिंग यांची पाहणी.

विद्यार्थी दिन, ७ नोव्हेंबर : १९०० साली याच दिवशी बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला. या आठवड्यात गवत कापून पहिले दोन पट्टे स्वच्छ करावेत.

सावित्रीमाईंची जयंती, ३ जानेवारी : खंडाळा तालुक्यातील नायगाव हे त्यांचे जन्मगाव. या दिवशी महिला मंडळाने सरपण, गोवऱ्या व गंजी यांची अंतरे मोजावीत.

चवदार तळे सत्याग्रह दिन, २० मार्च : वस्तीतील प्रत्येक बॅरलची व टँकरच्या फेऱ्यांची तपासणी.

बुद्ध पौर्णिमा : उन्हाचा कडाका. विहारातील मेणबत्त्या, मंडपाचे कापड व विजेच्या माळा यांवर लक्ष. वस्तीची बाहेर पडण्याची वाट सर्वांनी एकदा चालून पाहावी.

गावकुसाबाहेरचा प्रश्न

वीस मार्चला पाण्याची तपासणी करण्यामागे कारण आहे. आपल्या पुष्कळ वस्त्या आजही गावाच्या कडेला, गायरानाला किंवा डोंगरपायथ्याला लागून आहेत. माळावरून आलेली आग प्रथम त्यांना गाठते आणि टँकर मात्र अखेरीस त्यांच्याकडे पोहोचतो. म्हणून आगीची तयारी हा केवळ झाडलोटीचा विषय नाही. ग्रामसभेत तीन मागण्या लेखी मांडाव्यात : वस्ती आणि गायरान यांच्यामध्ये रोजगार हमीतून जाळरेषा, वस्तीपर्यंत बंब येईल असा रस्ता, आणि टंचाई आराखड्यात वस्तीसाठी स्वतंत्र साठवण टाकी. सांगली जिल्ह्यात येरळेवरील बळीराजा स्मृती धरणाच्या चळवळीने भूमिहीनांचाही पाण्यात समान वाटा मानला; ते तत्त्व आपल्या परिसरातच उभे राहिलेले आहे.

कागदपत्रांचाही विचार याच अंगाने व्हावा. जातीचा दाखला, आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदींच्या नकला, शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा, शिधापत्रिका हे कागद जळाले तर एका पिढीचे शिक्षण व नोकरी अडू शकते. ते एका पत्र्याच्या पेटीत, दाराजवळ ठेवावेत. त्यांची छायाचित्रे बाहेरगावी असलेल्या नातेवाइकाकडे असावीत. आगीत नुकसान झालेच तर काही हलवण्यापूर्वी फोटो काढून तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा.

राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे. परंतु कायद्याच्या धाकापेक्षा शेजाऱ्याचा शब्द अधिक उपयोगी पडतो. गुराख्याला, मध काढणाऱ्याला, बांध पेटवणाऱ्याला चारचौघांत दोषी न ठरवता त्याच्याबरोबर बसून गवत कापणीचा हिशेब मांडावा. सांगलीतील सागरेश्वरच्या उघड्याबोडक्या डोंगरावर माणसांनी झाडे लावून अभयारण्य उभे केले. जे माणसाने वाढवले ते माणूस राखूही शकतो.

या शाळेतून बाहेर पडलेला विद्यार्थी आज गावात शिक्षक, ग्रामसेवक, वायरमन, आशा कार्यकर्ती, शेतकरी किंवा चालक आहे. प्रत्येकाने येत्या ७ नोव्हेंबरला आपले घर आणि शेजारच्या एका वृद्धाचे किंवा बंद असलेले घर, अशी दोन घरे निवडून त्यांभोवतीचे गवत कापावे. एवढे झाले तरी वस्तीतील एकही घर आगीसमोर एकटे राहणार नाही.