नगरातील प्राणिपालन : नियम आणि कर्तव्य

(नागरिकशास्त्र : इयत्ता चौथी व पाचवीसाठी पाठदर्शन)

पाठाचा हेतू : नगरात प्राणी पाळणाऱ्यावर शेजाऱ्याविषयी, नगराविषयी व खुद्द त्या प्राण्याविषयी कोणती जबाबदारी येते, हे विद्यार्थ्यांस समजावून देणे.

प्रस्तावना : या पाठाचा आरंभ नियमांच्या यादीने करू नये. “तुमच्या घरी कोणकोणते प्राणी आहेत?” असा प्रश्न विचारावा. गाय, शेळी, कोंबड्या, कुत्रा, मांजर अशी उत्तरे येतील. ती फळ्यावर लिहावीत. मग विचारावे, “खेड्यात परसात गोठा असला तर कोणी तक्रार करीत नाही, नगरात मात्र करतात. असे का?” खेड्यात घरे विरळ असतात, नगरात भिंतीला भिंत लागलेली असते. एकाच्या गोठ्यातील शेण दुसऱ्याच्या दारापुढील गटारात जाते. घरे जवळ आली म्हणजे नियमांची गरज उत्पन्न होते, हे मुले स्वतःच सांगतील.

विषयविवेचन :

१. नियम कोण करते? नगरपरिषदांचा कारभार महाराष्ट्रात १९६५ च्या अधिनियमानुसार चालतो. नगरपरिषदेस आपल्या हद्दीपुरते जे नियम करता येतात, त्यांस उपविधी म्हणतात. ठिकठिकाणचे उपविधी सारखे नसतात. म्हणून शिक्षकाने आपल्या नगराचे उपविधी आधी पाहून घ्यावेत. मुंबई व पुणे या महानगरपालिकांच्या हद्दीत कुत्रा पाळणाऱ्यास परवाना घ्यावा लागतो. मोकाट गुरे कोंडवाड्यात घालण्याची रीत तर फार जुनी आहे; तिच्यासाठी १८७१ साली कायदा झाला. मालकाने दंड व चाऱ्याचा खर्च भरला म्हणजे गुरे सोडण्यात येत.

नगर वाढले म्हणजे प्राण्यांची सोयही नव्याने करावी लागते. मुंबईत पूर्वी दाट वस्तीतच म्हशींचे तबेले होते. १९४९ साली गोरेगावजवळ आरे येथे दुग्धवसाहत उभी राहिली व शहरातील पुष्कळ म्हशी तेथे नेण्यात आल्या. वस्तीतील घाण कमी झाली आणि जनावरांस मोकळी जागा मिळाली. एकच उपाय दोघांच्याही हिताचा ठरला.

२. प्राण्याचा पक्ष : प्राण्यास तक्रार करता येत नाही; त्याची बाजू कायद्याने घेतली आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली संमत झाला. त्यासाठी राज्यसभेच्या सदस्या व विख्यात नर्तिका रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी आग्रह धरला होता. पाळलेल्या प्राण्यास पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, आखूड वा जड साखळीने त्यास तासन्‌तास बांधून ठेवणे, किंवा कारण नसता त्यास सोडून देणे हा अपराध आहे. पिल्लू असताना लाड करावयाचे आणि मोठे झाल्यावर नगराबाहेर सोडून यावयाचे, ही वागणूक या कायद्यात बसत नाही.

येथे एखादा विद्यार्थी पिंजऱ्यातील पोपटाचे नाव सांगेल. आपल्या रानातील पोपट हा वन्य पक्षी असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास धरण्यास व पाळण्यास मनाई आहे. मात्र त्या मुलास वर्गापुढे अपराधी ठरवू नये. पालकांस एकीकडे भेटून वनविभागाशी संपर्क साधण्यास सांगावे. पिंजऱ्यात वाढलेला पक्षी एकाएकी सोडून दिल्यास त्यास स्वतःचे पोट भरता येत नाही.

३. आरोग्य : हा भाग सर्वांत महत्त्वाचा होय. कुत्रा किंवा मांजर पाळणाऱ्याने त्यास रेबीजची लस वेळच्या वेळी टोचून घेतलीच पाहिजे. हा रोग चाव्याने, ओरखड्याने किंवा जखमेवर लाळ लागल्यानेही होतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही. परंतु वेळेवर उपचार झाले तर तो टाळता येतो. पॅरिस येथे ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांची लस जोसेफ माइस्टर या कुत्रा चावलेल्या मुलास देण्यास आरंभ झाला, व तो वाचला. त्याचे वय अवघे नऊ वर्षांचे, म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांएवढेच होते.

प्राणी चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर हळद, चुना, तिखट वा तेल लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे व लशीच्या सर्व मात्रा पुऱ्या कराव्यात.

पुष्कळ मुले घरच्यांच्या रागास भिऊन चावा लपवितात. “कुत्र्याची खोडी तूच काढली असशील,” हे शब्द ऐकावे लागतील म्हणून मूल गप्प राहते, आणि हे मौन प्राणघातक ठरू शकते. म्हणून शिक्षकाने वर्गात स्पष्ट सांगावे : “चूक कोणाचीही असो, चावा किंवा ओरखडा झाला की तत्काळ सांगा. कोणीही रागावणार नाही.” हे वचन शिक्षकाने पाळावे व पालकसभेत पालकांकडूनही घ्यावे.

फळ्यावरील सारांश : परवाना घ्यावा. लस टोचावी. अन्न, पाणी, निवारा द्यावा. घाण आपणच काढावी. चावा लपवू नये.

स्वाध्याय :
१. उपविधी म्हणजे काय? तो कोण करते?
२. पाळलेल्या प्राण्यास सोडून देणे अपराध का मानले आहे?
३. मित्रास कुत्रा चावला व तो घरी सांगण्यास भितो. तुम्ही काय कराल?

प्रत्यक्ष कार्य : आपल्या नगरात कुत्र्याचा परवाना व लस कोठे मिळते, याची माहिती पालकांसमवेत जाऊन आणावी व ती शाळेच्या भित्तिफलकावर लावावी.