हिरोलाही गव्हर्नर हवा!

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर सांभाळून घ्या. दुसरी कबुली जरा मोठी आहे, ती पुढे येईलच.

परवा होस्टेलवर आम्ही चौघींनी लॅपटॉपवर 'सुपरमॅन व्हर्सेस द एलिट' हा 2012 सालचा ॲनिमेशनपट पाहिला. कार्टून म्हणून लावला आणि रात्री दोनपर्यंत त्यावर वाद घालत बसलो! गोष्ट थोडक्यात अशी. 'एलिट' नावाची चार नव्या सुपरहिरोंची टोळी येते. मँचेस्टर ब्लॅक त्यांचा म्होरक्या. यांची पद्धत सोपी : गुन्हेगार दिसला की मारून टाका. कोर्ट नाही, तुरुंग नाही. लोक खूश! सुपरमॅन मात्र जुन्या वळणाचा, पकडून कायद्याच्या हवाली करणारा. तो सगळ्यांना बावळट वाटायला लागतो. मग एलिटची हिंमत वाढते. दोन देशांचं युद्ध थांबवायचं म्हणून ते दोन्हीकडच्या नेत्यांनाच ठार करतात. शेवटी सुपरमॅन काही वेळ त्यांच्यासारखाच निर्दयपणे वागून दाखवतो. ते नाटक असतं, प्रत्यक्षात कोणीही मेलेलं नसतं; पण ते पाहताना टाळ्या वाजवणारे लोकच घाबरून थिजतात. ज्या ताकदीला आपण टाळ्या देत होतो ती उद्या आपल्यावरही उलटू शकते, हे त्यांना तेव्हा कळतं.

मी मेकॅनिकलची. 'थिअरी ऑफ मशिन्स'मध्ये आपण सगळ्यांनी गव्हर्नर रट्टा मारून पाठ केलाय. जेम्स वॉटने 1788 मध्ये तो वाफेच्या इंजिनाला लावला. वेग वाढला की दोन गोळे बाहेर फेकले जातात, स्लीव्ह वर सरकते आणि वाफेचा झडप आवळला जातो. म्हणजे इंजिनाचाच वेग इंजिनाला लगाम घालतो. एलिटकडे ताकद होती, हेतूही सुरुवातीला चांगला होता. नव्हता तो गव्हर्नर.

आता आपल्या मातीकडे येऊ. माझं आजोळ अलिबागजवळ नागावला. मे महिन्यात वाडीत बसून आजोबांना मी ही गोष्ट सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "अगो, हा धडा आमच्याकडे तीनशे वर्षांपूर्वीच झालाय." मग त्यांनी कपाटातली पुस्तकं काढून दिली. मराठी वाचायला मला वेळ लागतो, पण वाचलं.

1670 च्या दशकात शिवाजी महाराजांच्या फौजेचा तळ चिपळूणच्या बाजूला होता. तिथल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना महाराजांनी पत्र पाठवलं. त्याचा मथितार्थ असा : दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडे उपाशी मरतील. मग तुम्ही गावात शिराल, कोणाचं धान्य, कोणाची भाकर, कोणाचं गवत, कोणाचा भाजीपाला उचलाल. तसं झालं तर रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. पैसे दिले आहेत, लागेल ते बाजारातून विकत आणा. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात घेऊन जाईल आणि गवताला आग लागेल, इतका बारकावा त्या पत्रात आहे!

विचार करा, हे पत्र शत्रूला नाही, स्वतःच्या विजयी सैन्याला आहे. म्हणजे हिरोंनाच.

दुसरं उदाहरण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातलं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. आरमाराला लाकूड लागतं, आणि आंबा-फणसाचं लाकूडही जहाजाला चालतं. पण त्या झाडांना हात लावू नये, असं त्यात बजावलंय. कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने पोरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊनच तोडावं. देशरक्षणाचं काम असलं तरी दुसऱ्याच्या वाडीत कुऱ्हाड घेऊन घुसायचं नाही!

पण वरून कोणी लगाम घातलाच नाही तर? त्याचंही उत्तर याच किनाऱ्यावर आहे. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावाचा संप. खोत मूळचे सारावसुली करणारे, पण कुळांच्या मेहनतीचं पीक उचलून न्यायला लागले. 1933 ते 1939, तब्बल सहा वर्षं चरी आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसली नाही. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. उपासमार सोसली, पण हटले नाहीत. 1937 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं, आणि 1949 मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला. इथे कोणी सुपरमॅन उडत आला नाही. फीडबॅक रयतेनेच दिला.

आता ती दुसरी कबुली. गेल्या वर्षी एका टेक फेस्टमध्ये मी व्हॉलंटिअर्सची हेड होते. गळ्यात कार्ड, हातात वॉकी-टॉकी, पाय जमिनीवर नव्हते! वडापाववाल्या काकांचा स्टॉल आम्ही आत लावू दिला होता. त्यामुळे "काका, कमिटी!" एवढं म्हटलं की वडापाव फुकट. तीन दिवस हे चाललं. शेवटच्या संध्याकाळी काकांनी हळूच विचारलं, "ताई, अजून किती जण आहेत कमिटीत?" मी हसले आणि निघून गेले. मला तो जोक वाटला होता.

चिपळूणचं पत्र वाचताना 'भाजीपाला' या शब्दाशी मी अडकले. काकांचा तो प्रश्न जोक नव्हता.

सुट्टीनंतर त्यांना जाऊन भेटले. त्यांनी वही उघडली. 'कमिटी' असं लिहून पुढे आकडा : 118. त्यांनी मागितले नव्हते, पण मोजले होते. ग्रुपमध्ये वर्गणी काढली. काहींनी दिली, काहींनी "सोड ना यार, आपण त्यांना धंदा दिला" असं ऐकवलं. उरलेले मी घातले. काकांनी पैसे घेतले, दोनदा मोजले आणि कटिंग चहा पुढे केला. चहाचे पैसे मी दिले.

यंदाही फेस्ट येतोय. पुन्हा कार्डं वाटली जातील, कोणी सीआर होईल, कोणी सेक्रेटरी. त्या कार्डाच्या मागे एवढंच लिहून ठेवा : कोणीतरी वहीत मोजतंय.

पाहा, पटतंय का!