यंत्र पडद्यापासून किती लांब ठेवावे?

सातारा-सांगलीकडच्या थोरल्या माणसांना तंबूतला सिनेमा समजावून सांगावा लागत नाही. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसारखी मोठी यात्रा भरली की पाळणे, मिठाईची दुकाने, बैलांचा बाजार, आणि एका अंगाला भलामोठा कापडी तंबू. सांगली जिल्ह्यातले विटा हे तर फिरत्या सिनेमावाल्यांचे ठाणेच होते. दिवाळीनंतर यात्रांचा हंगाम लागला की त्यांचे ट्रक गावोगाव निघत.

या तंबूत एक गोष्ट पाहण्यासारखी असे. सिनेमाचे यंत्र पुष्कळदा ट्रकमध्येच बसवलेले असे. आधी पडदा बांधायचा, मग ट्रक पुढेमागे करून एका जागी उभा करायचा, मग चाकांना दगड लावायचे. ती जागा मालक आपल्या मनाने ठरवीत नसे. ती ठरवीत असे यंत्राच्या तोंडाशी असलेले काचेचे भिंग. भिंग म्हणेल तिथे ट्रक उभा राही. ट्रक चार हात पुढे गेला तर चित्र पडद्यापेक्षा लहान, मागे गेला तर नटाचे डोके तंबूच्या कापडावर.

तो तंबू आता दुर्मिळ झाला. २०१० नंतरच्या काही वर्षांत फिल्मची रिळे गेली आणि डिजिटल यंत्रे आली. महाराष्ट्रातल्या या फिरत्या सिनेमावाल्यांवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा माहितीपट निघाला, तो २०१६ साली फ्रान्समधल्या कान गावच्या महोत्सवात दाखवला गेला. पण यंत्र काही गेले नाही. ते लहान होऊन शाळेत, ग्रामपंचायतीत, बचत गटाच्या बैठकीत आले. त्याला आपण प्रोजेक्टर म्हणतो. पाटीएवढे यंत्र, एका पिशवीत मावते. ते टेबलावर ठेवायचे कुठे, हा आजचा धडा.

आधी एक प्रयोग करा. रात्री घरात दिवा मालवा. हातात बॅटरी घ्या आणि भिंतीजवळ उभे राहा. भिंतीवर लहान, लख्ख गोल उजेड दिसेल. आता एकेक पाऊल मागे सरका. गोल वाढत जातो आणि फिका होत जातो. बॅटरीतला उजेड तेवढाच आहे. तो जास्त जागेवर पसरला, एवढेच. एक चमचा तूप एका भाकरीला लावले तर चव लागते. तोच चमचा चार भाकरींना पुरवला तर तूप लावले होते की नाही, हेही कळत नाही.

आणि इथे हिशेब नीट बघा. चित्राची रुंदी दुप्पट केली की उंचीही दुप्पट होते. म्हणजे जागा दोन पट नव्हे, चार पट होते. उजेड चौथाईवर येतो. रुंदी तिप्पट केली तर उजेड नववा हिस्सा उरतो. शेतीवाल्याला हे सांगायला नको. वाफ्याची लांबीही दुप्पट केली आणि रुंदीही दुप्पट केली, तर बियाणे चौपट लागते.

उजेड, चित्र आणि भिंग यांचा हा खेळ आपल्याकडे जुना आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडून दाखवायला सुरुवात केली. त्या खेळाचे नाव शांबरिक खरोलिका. त्यानंतर चार वर्षांनी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखवली गेली. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला तो १९१३ साली. काचेची पट्टी असो, फिल्म असो की आजचे डिजिटल यंत्र असो, आत एक लहान चित्र, त्यामागे उजेड आणि पुढे भिंग, ही मांडणी मूळची तीच आहे.

आता मुद्द्यावर येऊ. एका गावी शाळेने वर्गणी काढून प्रोजेक्टर घेतला. गावात साक्षरतेचा वर्ग चालत होता, म्हणून संध्याकाळी बायामाणसांना शाळेच्या लांबलचक खोलीत बोलावले. यंत्र ठेवले सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून. चित्र भिंतभर झाले. भिंतीवरून ओसंडून छताला लागले. गावकरी खूश झाले, केवढे मोठे चित्र! पडद्यावर धडा आला. अक्षरे मोठी, पण धुरकट, पांढऱ्यावर राखाडी. पुढे बसलेल्या एक आजी बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, “गुरुजी, मला अजून वाचायला येत नाही बघा. उगीच कशाला बसायचं?” दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. यंत्राचा उजेड कमी आहे, ते बिघडलेले आहे, असे ठरले आणि ते कपाटात गेले.

आजींना वाचता येत होते. पुस्तकात त्या वाचत होत्या. यंत्रही बिघडलेले नव्हते. नव्याने शिकलेल्या माणसाचा असा स्वभाव असतो की, अक्षर दिसले नाही तर तो दोष स्वतःकडे घेतो. म्हणून मी म्हणतो की यंत्राच्या जागेचा हा हिशेब केवळ मास्तरांनी शिकायचा नाही. वर्गात बसणाऱ्यानेही शिकावा, म्हणजे त्याला हात वर करून सांगता येईल की, “मास्तर, यंत्र पुढं घ्या.”

यंत्र मागे ठेवायचे, हे त्या गावाच्या डोक्यात आले कुठून? सवयीतून. आपण सगळ्यांनी सिनेमाचे यंत्र नेहमी मागेच पाहिले. थिएटरात ते मागच्या खोलीत, तंबूत ते मागच्या ट्रकमध्ये. फिल्म्स डिव्हिजन ही सरकारी संस्था १९४८ साली निघाली, तिचे माहितीपट खेड्यांत १६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर दाखवीत, तेव्हाही यंत्र लोकांच्या मागेच असे. त्या यंत्रांना मागे राहणे भागच होते. का, ते पाहू.

यंत्रात फिल्मपुढे एक लहान चौकट असते. तिच्यातून जेवढे चित्र दिसते तेवढेच पडद्यावर जाते. १६ मिलिमीटरच्या यंत्रात ही चौकट साडेनऊ मिलिमीटरहून किंचित जास्त रुंद असते. भिंगावर मिलिमीटरचा एक आकडा कोरलेला असतो, तो या यंत्रात बहुधा ५० असे. आता शाळेतले त्रैराशिक आठवा. चौकट आणि भिंगाचा आकडा यांचे जे प्रमाण, तेच प्रमाण पडद्यावरच्या चित्राची रुंदी आणि यंत्राचे अंतर यांचे. पन्नासला साडेनऊच्या थोड्या वरच्या आकड्याने भागले की पाचाहून थोडे जास्त येते. म्हणजे चित्र ६ फूट रुंद हवे असेल तर यंत्र सुमारे ३१ फूट लांब. तंबूतल्या ३५ मिलिमीटरच्या फिल्मची चौकट २१ मिलिमीटर रुंद. भिंग १०० चे असेल तर अंतर चित्राच्या पावणेपाचपट. २० फुटी चित्राला ९५ फूट. ट्रक तंबूच्या पार शेवटाला का, ते आता कळले. रुंद पडद्याच्या सिनेमाला भिंग वेगळे लावीत, पण त्रैराशिक सुटत नसे.

आजच्या लहान प्रोजेक्टरचा हिशेब सोपा आहे, कारण भागाकार कारखान्यानेच करून दिलेला असतो. यंत्राच्या पुस्तिकेत ‘थ्रो रेशो’ असे लिहून एक आकडा दिलेला असतो. पुष्कळ यंत्रांत तो १.५ च्या आसपास असतो. दीड म्हणजे चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर. चित्र ६ फूट हवे, तर सहाची दिडकी किती? नऊ. यंत्र ९ फुटांवर ठेवा. संपला हिशेब. लहानपणी पाठ केलेली दिडकी म्हातारपणी अशी उपयोगी पडते, आणि हल्ली ती शाळेत कुणी म्हणून घेत नाही याचे मला वाईट वाटते.

त्या गावी यंत्र ३१ फुटांवर ठेवले होते असे धरा. दीडच्या यंत्राला ३१ फुटांवर चित्र येते साडेवीस फुटांहून अधिक रुंद. ६ फुटी चित्राच्या जवळजवळ साडेतीनपट. साडेतीन गुणिले साडेतीन, सव्वाबारा. म्हणजे जागा बारापट आणि उजेड बारावा हिस्सा. एका भाकरीचे तूप बारा भाकरींना. आजींनी काय वाचावे?

पण चित्र सहाच फूट का, दहा का नको? हे यंत्राकडे बघून ठरत नाही, बसणाऱ्यांकडे बघून ठरते. जुने सिनेमा दाखवणारे शिक्षक एक आडाखा धरीत, तो अजून चालतो. शेवटची रांग चित्राच्या रुंदीच्या सहापटीपलीकडे नको, आणि पहिली रांग दुपटीच्या अलीकडे नको. मागची रांग पडद्यापासून ३६ फुटांवर असेल तर छत्तिसाला सहाने भागा, चित्र ६ फूट. पहिली रांग १२ फुटांवर. आता गंमत पाहा. यंत्र ९ फुटांवर आणि पहिली रांग १२ फुटांवर, म्हणजे यंत्र सगळ्या माणसांच्या पुढे आले! हे डोळ्यांना विचित्र वाटते, म्हणून लोक ते उचलून पुन्हा मागे नेतात. नेऊ देऊ नका. पुढे ठेवलेल्या यंत्राची वायर मात्र भिंतीकडेने न्या आणि जमिनीला चिकटपट्टी लावा. अंधारात पोरे धावतात.

क्रम असा लक्षात ठेवावा. आधी माणसे, मग चित्र, मग यंत्र. दुकानदार उलटे सांगतो. तो म्हणतो, हे यंत्र ३०० इंची चित्र देते. देत असेल. ते वाचता येते का, हे तो सांगत नाही. शिवाय तो जे इंच सांगतो ते रुंदीचे नसतात, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे, म्हणजे कर्णाचे असतात. हल्लीच्या रुंद आकाराच्या चित्राचा कर्ण १०० इंच असेल तर रुंदी ८७ इंच भरते, म्हणजे सव्वासात फूट. १०० इंच धरून दिडकी केली तर यंत्र दीड फुटाहून थोडे जास्त चुकीच्या जागी जाईल. तसेच माप भिंगाच्या काचेपासून घ्यावे. यंत्राच्या पाठीपासून किंवा टेबलाच्या कडेपासून घेऊ नये.

काही यंत्रांना पुढे एक फिरती कडी असते, तिने चित्र थोडे लहानमोठे होते. अशा यंत्रावर दोन आकडे असतात, समजा १.५ ते १.८. मग ६ फुटी चित्रासाठी ९ फुटांपासून पावणेअकरा फुटांपर्यंत कुठेही ठेवा. आणखी एक जात आहे, तिचा आकडा अर्ध्याच्या आसपास असतो. तिथे निमकी. ६ फुटी चित्राला ३ फूट. अशा यंत्रापुढे शिकवणारा उभा राहिला तरी त्याची सावली पडद्यावर फारशी पडत नाही. लहान खोलीला हे यंत्र उत्तम, पण ते महाग पडते.

पुस्तिका हरवली असेल तर? ती बहुधा हरवलेलीच असते. काळजी नको. यंत्र भिंतीपासून बरोबर १० फुटांवर ठेवा, चालू करा आणि चित्राची रुंदी मोजा. दहाला त्या रुंदीने भागा. रुंदी ५ फूट आली तर तुमच्या यंत्राचा आकडा २. रुंदी ६ फूट ८ इंच आली तर आकडा दीड. तो आकडा यंत्राच्या पोटावर रंगाने लिहून ठेवा, म्हणजे नंतरच्या माणसाला पुन्हा मोजावे लागणार नाही. मोजपट्टी नसेल तर सुंभाची दोरी घेऊन दर फुटाला गाठ मारा. मी तर म्हणेन, मोजपट्टी असली तरी दोरीच बरी. ती यंत्राच्या पिशवीत राहते. मोजपट्टी सुताराकडे जाते.

यंत्र तोंड वर करून तिरपे ठेवले तर चित्र वरून रुंद आणि खालून अरुंद होते, सुपासारखे. मग बटण दाबून ते चौकोनी करता येते, पण त्यात चित्राचा काही भाग वाया जातो आणि अक्षर थोडे बिघडते. त्यापेक्षा यंत्राखाली पाट किंवा वह्यांचा गठ्ठा ठेवून ते उंच करावे आणि पडद्याकडे सरळ बघू द्यावे. पडदा म्हणून चुना दिलेली सपाट भिंत चांगली. पातळ धोतर बांधू नका. उजेड आरपार जातो आणि पलीकडे बसलेल्यांना अक्षरे उलटी दिसतात. चादर असेल तर दुहेरी करावी आणि खालून काठी ओवून ताणावी. खिडक्यांना पोती किंवा घोंगडी लावावी. दुपारच्या उन्हापुढे कोणतेही यंत्र हरते.

सगळे मांडून झाले की एक परीक्षा घ्यावी. धड्यातले एक वाक्य पडद्यावर आणावे आणि मागच्या रांगेतल्या सर्वांत वयस्कर माणसाला वाचायला सांगावे. अडखळले तर आधी यंत्र पुढे घ्या. मग अक्षर मोठे करा. माणसाला नंतर विचारा.

आता काही हिशेब.

समाजमंदिरात मागची रांग पडद्यापासून ३० फुटांवर बसते. यंत्राचा आकडा दीड. चित्र ५ फूट रुंद, यंत्र साडेसात फुटांवर, पहिली रांग १० फुटांवर. हे करून दाखवले.

देवळापुढच्या पटांगणात रात्री खेळ आहे. मागची रांग ४८ फुटांवर. यंत्राचा आकडा २. चित्र किती रुंद? यंत्र किती फुटांवर? आणि ६ फुटी चित्रापेक्षा इथे उजेड सुमारे किती कमी पडेल?

तिसरा हिशेब आपल्याच वर्गाचा. दोरी घ्या, मागच्या रांगेपर्यंत मोजा आणि उत्तर वहीत लिहा.