वेतनाचे कर्म आणि वेळेचे दान

म्हैसूर नगरीतील बन्नीमंटप हे स्थान दसऱ्याच्या सोहळ्यामुळे सर्वत्र ज्ञात आहे. विजयादशमीस श्रीचामुंडेश्वरीची मूर्ती सुवर्ण अंबारीत बसवून हत्तीवरून निघणारी मिरवणूक राजवाड्यापासून सुमारे ५ किलोमीटर चालून येथे समाप्त होते. कन्नड भाषेत ‘बन्नी’ म्हणजे शमी. अज्ञातवासास निघालेल्या पांडवांनी विराटनगरीजवळ शमीवृक्षावरच आपली शस्त्रे ठेवली होती. वृक्षाने ती ठेव वर्षभर सांभाळली आणि प्रसंग येताच अर्जुनाच्या हाती परत दिली. महाराष्ट्रातही सीमोल्लंघनाच्या वेळी शमीपूजन करण्याची चाल आहे.

परंतु पूजा एका दिवसाची असते आणि रक्षण वर्षभराचे. हे रक्षणाचे काम आज अनेक तरुण उपजीविका म्हणून पत्करतात. कोणी वनखात्यात जातो, कोणी वनस्पतींचा किंवा प्राण्यांचा अभ्यास करतो, कोणी पाणी व माती यांच्या संवर्धनाचे शिक्षण घेतो. अशा तरुणाच्या घरी दोन प्रश्न सहज उपस्थित होतात. निसर्गरक्षणाचीच नोकरी असताना निराळी समाजसेवा कशासाठी? आणि नोकरी अद्याप मिळालेली नसताना विनावेतन का राबावे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. कुटुंबाचे पोषण करणे हाही गृहस्थाचा धर्मच आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या आणि अठराव्या अध्यायांत सापडते. मनुष्य आपल्या स्वाभाविक कर्माने ईश्वराची पूजा करून सिद्धी पावतो, असे अठरावा अध्याय सांगतो. तेव्हा वेतन घेतल्याने कर्म हीन ठरत नाही. तिसऱ्या अध्यायात मात्र भगवंतांनी यज्ञचक्र वर्णिले आहे. अन्नाने प्राणी जगतात, पर्जन्याने अन्न होते, यज्ञाने पर्जन्य, आणि यज्ञ कर्मापासून होतो. या चक्रातून घेणारा परंतु त्यात काहीच परत न घालणारा चोर होय, असा स्पष्ट निर्णय तेथे दिला आहे. वेतन हा त्या चक्रातून आपल्याला मिळालेला वाटा आहे. त्यातील काही अंश समाजाकडे परत गेला पाहिजे.

सोलापूरचे मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे उदाहरण येथे मनन करण्यासारखे आहे. त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे वनखात्याची नोकरी केली. रानात राहणाऱ्या लोकांकडून पशुपक्ष्यांची व झाडांची जी माहिती त्यांना मिळाली, ती त्यांनी स्वतःपाशी ठेवली नाही. पुस्तके आणि कोश लिहून ती मराठी समाजाच्या हाती दिली. नोकरीने त्यांच्याकडे एवढे मागितले नव्हते.

दुसऱ्या प्रश्नासाठी सतराव्या अध्यायातील दानविचार पाहावा. दान केवळ द्रव्याचे नसते, वेळेचेही असते. देणे हे कर्तव्य आहे अशा बुद्धीने, परतफेडीची अपेक्षा न धरता, योग्य देश, काल व पात्र पाहून दिलेले ते सात्त्विक. मोबदल्यावर दृष्टी ठेवून किंवा कुरकुरत दिलेले ते राजस. अनादराने, अवज्ञापूर्वक दिलेले ते तामस. प्रमाणपत्र मिळावे, पुढे नोकरीस उपयोग व्हावा, एवढ्याच हेतूने केलेली सेवा राजस होय. ती त्याज्य नव्हे, कारण पुष्कळांचा आरंभ तेथूनच होतो. परंतु साधकाने तेथे थांबू नये. खरा धोका तामस सेवेचा आहे. गावात जाऊन तेथील लोकांना अडाणी समजणे व केवळ उपदेश करून परतणे, ही सेवा नव्हे.

या धोक्याचा अर्थ म्हैसूरच्या परिसरातच उमगतो. जवळचे बंदीपूरचे अरण्य १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पात घेतले गेले. कपिला, अर्थात् कबिनी, नदीवर धरण झाले. वन व वाघ यांचे रक्षण झाले, धरणाने पाणी अडले. परंतु या सर्वांचे मोल हेग्गडदेवनकोटे भागातील जेनुकुरुब, काडुकुरुब अशा निर्धन आदिवासींनी आपली वस्ती सोडून दिले. त्यांच्या रोगाची व अज्ञानाची चिंता कोणी वाहावी? म्हैसूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांनी १९८४ मध्ये स्वामी विवेकानंद युथ मूव्हमेंट ही संस्था स्थापिली आणि पुढे या लोकांसाठी दवाखाना व शाळा चालविली. वृक्ष राखणाऱ्याने वृक्षाखालच्या मनुष्यास विसरता कामा नये, हा येथील बोध आहे.

मनुष्यास सोबत घेतल्यास काय घडते, हे रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी दिसते. तेथील किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालून जातात. पूर्वी ती अंडी लोक उकरून नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तेथे संरक्षणाचे काम आरंभिले आणि गावकऱ्यांनाच रक्षक केले. अंडी कुंपणाच्या आत वाळूत पुरून सुमारे दीड ते दोन महिने राखतात व पिले निघाल्यावर समुद्रात सोडतात. तो सोहळा पाहण्यास येणारे पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्यामुळे घरोघरी चार पैसे येतात. कासव आणि गृहस्थ, दोघांचेही पोषण होते. परस्परांचे पोषण करीत श्रेय मिळवावे, हे गीतेचे सांगणे येथे प्रत्यक्ष आचरणात उतरले आहे.

आता आचरणाचा विचार. आपल्या घराची गरज प्रथम प्रामाणिकपणे मोजावी. उपाशी कुटुंबाच्या वाट्याचा वेळ देणे हे दान नव्हे. उरलेल्या वेळातून आठवड्याचे थोडे तास नियमाने द्यावेत. अल्प परंतु अखंड असे कर्म अधिक फलद्रूप होते. आपल्या विद्येचा जेथे उपयोग आहे तेथेच ते द्यावेत. ज्यांच्यासाठी काम करावयाचे, त्यांना आधी विचारावे व त्यांच्याकडून शिकावे. जी संस्था वेतन देण्यास समर्थ असूनही सेवेच्या नावाखाली तरुणांस फुकट राबविते, तेथे पात्राचा विचार अवश्य करावा. आणि लावलेले झाड जगले नाही, तरी खिन्न न होता पुढील पावसाळ्यात दुसरे लावावे.

चिंतनासाठी : या आठवड्यात माझ्या हातून झालेली सेवा सात्त्विक, राजस की तामस? माझ्या उपजीविकेचा भार कोणावर पडतो, आणि त्याच्यासाठी मी काय करतो?