आधी नख, मग दात

सोमवारपासून मुलांच्या खुर्चीपाशी उभी राहणार ना गं? डेंटल हायजिनिस्टचा दोन वर्षांचा डिप्लोमा झालाय, तेव्हा स्केलर कसा धरायचा ते तुला मी शिकवत नाही. दिल्लीत पोरांच्या तोंडात डोकावण्यात जन्म गेलेली तुझी आत्या म्हणून चार गोष्टी सांगते.

'डरो मत, दर्द नहीं होगा' असं चुकूनही म्हणू नकोस. पोराला त्यातलं 'दर्द' तेवढं ऐकू येतं. 'दाँत गिनेंगे' म्हण. मोठ्यानं मोज आणि मधेच एक आकडा मुद्दाम चुकव. आ वासलेलं पोर मान हलवून तुला अडवतं, तिथे अर्धं काम झालं. मग पॉलिशचा रबरी कप आधी तुझ्या अंगठ्याच्या नखावर फिरव, मग त्याच्या. गुदगुल्या झाल्या की दाताची पाळी. थुंकी ओढणारी नळी म्हणजे हाथी की सूँड. पुस्तकात हेच 'सांगा, दाखवा, करा' म्हणून आहे, अ‍ॅडलस्टननं १९५९ मध्ये मांडलेलं.

पाचपर्यंत मोजून थांबते म्हणालीस तर पाचला थांबच, कीटण राहिलं तरी. पहिल्या वर्षी मी एका मुलाला 'बस, हो गया' म्हणून तीनदा फसवलं. चौथ्यांदा त्यानं माझं बोट चावलं. त्याचं काही चुकलं नाही.

दोन-तीन वर्षांचं लेकरू खुर्चीत बसवूच नकोस. आई आणि तू गुडघ्याला गुडघे लावून समोरासमोर बसा. डोकं तुझ्या मांडीवर, पाय आईच्या कमरेशी. त्याला आई दिसते, तुला दात. रडलं तर रडू दे. रडताना तोंड छान उघडतं!

इकडे सोबत बहुतेक दादी येते, आणि रात्री साखरेच्या दुधाची बाटली तोंडात देणारीही पुष्कळदा तीच. तिला सुनेसमोर बोल लावू नकोस, नाहीतर पुढच्या वेळी कोणी येणार नाही. 'दादीजी, बोतल में अब सादा पानी' एवढंच. पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीतली लांब नागमोडी रेघ विसरायला सांग.

'दूध के हैं, गिर जाएँगे' हे रोज ऐकशील. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप एक दाढ येते. काही न पडता आल्यामुळे घरचे तिलाही दुधाचीच समजतात. आरसा धरून आईला ती दाखव. ती आयुष्यभराची आहे.

नूंहकडून, गुडगावच्या गावांतून आलेल्या मुलांच्या दातांवर कधी खडूसारखे पांढरे, कधी तपकिरी डाग दिसतील. खरवडत बसू नकोस. तो मळ नव्हे, बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं दात घडतानाच पडलेला डाग आहे. लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड ही आपल्याकडची मर्यादा. दुसरं पाणीच नसेल तर १.५. म्हणून फ्लोराइड वार्निशची डबी उघडण्याआधी 'पानी कहाँ का पीते हो' हे विचार आणि उत्तर डॉक्टरांच्या कानावर घाल. वार्निश लावलंच तर दात पिवळट दिसतील, आज रात्री ब्रश नको, हे आधीच सांग. नाहीतर संध्याकाळी फोन येतो.

काळा खड्डा दिसला तर डॉक्टरांना हाक मार. कायद्यानं आपल्याला दात स्वच्छ करायला, चकाकवायला आणि निगा शिकवायला दिलंय, कोरायला नाही.

आणि हो, जानेवारीत माउथ मिरर कोमट पाण्यात बुडवून घे. गार लोखंड ओठाला लागलं की पोर जे तोंड मिटतं, ते घरी जाईपर्यंत.