पऱ्हाटीच्या रानातील उत्क्रांती

उत्क्रांती हा शब्द उच्चारला की माकडापासून मानवापर्यंतची चित्रमाला आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते आणि हा सारा लक्षावधी वर्षांपूर्वीचा मामला आहे, अशी आपली समजूत होते. वस्तुतः उत्क्रांती पाहण्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. मानवत, सेलू, पाथरी या भागांतील पऱ्हाटीच्या रानात ती आपल्या डोळ्यांदेखत घडली आहे, आणि तिची किंमत आपल्यापैकी अनेकांच्या घरांनी मोजली आहे.

गुलाबी बोंडअळी आपल्याकडे नवी नाही. भडोचच्या कापसावरील नमुन्यांवरून सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८४३ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले. ही अळी फुलात शिरली की पाकळ्या मिटून डोमकळी होते. बोंडात शिरली की ती सरकी खाते आणि कापसाची कवडी करते. आत दडलेली असल्याने फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. २००२ साली भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. या कापसात एका जिवाणूचे जनुक घातलेले असल्याने झाडातच एक प्रथिन तयार होते व ते अळीच्या आतड्याचा नाश करते. २००६ मध्ये दुसऱ्या प्रथिनाची जोड मिळाली. काही वर्षे शेतकरी निर्धास्त झाला. परंतु २०१० साली गुजरातेतील अळ्या पहिल्या प्रथिनाला दाद देत नसल्याचे जाहीर झाले. पुढे दुसरेही निष्प्रभ ठरले. आणि २०१७ च्या हंगामात मराठवाडा-विदर्भात बोंड फोडावे तो आत गुलाबी अळी, अशी स्थिती झाली. कित्येकांनी उभ्या पिकावर नांगर फिरवला.

तेव्हा पारावर एकच वाक्य ऐकू येई : "अळीला औषधाची सवय झाली." सारा घोटाळा या 'सवय' शब्दात आहे.

सवय एका जीवाला त्याच्या आयुष्यात लागते. येथे तर प्रथिन पोटात गेलेली अळी मरून गेली. सवय लागण्यास तिला अवधीच मिळाला नाही. मग वाचले कोण? पहिले प्रथिन आतड्यातील एका विशिष्ट रेणूला चिकटले तरच मारक ठरते. त्या रेणूचा आराखडा जनुकात असतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याची नक्कल होताना क्वचित चुका होतात. एखाद्या अळीत अशी चूक होते की विषाला चिकटण्यास जागाच उरत नाही. विष आले म्हणून ही चूक होत नाही; निसर्ग गरज पाहून चुका करीत नाही. हा निव्वळ योगायोग. भारतातील अळ्यांत हे जनुक एकाच नव्हे, तर अनेक निरनिराळ्या तऱ्हांनी बिघडलेले आढळले, यावरूनही हेच दिसते.

मात्र पुढची निवड हा योगायोग नव्हे. खळ्यावर धान्य उपणताना दाणे आणि भूस कसेही मिसळलेले असोत, वारा भूस उडवतो व दाणा खाली पडतो. बीटी कापूस हा असाच वारा होता. चूक असलेल्या अळ्या तेवढ्या उरल्या, त्यांचीच प्रजा वाढली. १८५९ साली डार्विनने मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच.

यावर उपाय ठाऊक होता. मेंडेलने १८६६ मध्ये दाखविलेल्या नियमानुसार काही गुण आई व बाप दोघांकडून आले तरच प्रकट होतात. हा प्रतिकार बव्हंशी तसाच आहे. म्हणून शेताच्या कडेला नॉन-बीटी कापसाच्या पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांपैकी जे अधिक असेल ते लावावयाचे, असा नियम होता. तेथे साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांशी प्रतिकारक पतंगांचा संकर व्हावा आणि ती संतती बीटीवर मरावी, हा हेतू. पण दोन-तीन एकरांच्या धन्याने अळीसाठी ओळी सोडाव्यात कशा? ती पुडी बहुधा बांधावरच राहिली. वर डिसेंबरनंतर फरदड घेतल्याने अळीची सोय झाली. याच अळीविरुद्ध अमेरिकेतील ॲरिझोनात असा आसरा राखला गेला, पुढे वंध्य पतंगही सोडले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूसपट्ट्यातून तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हिरवी बोंडअळी तूर-हरभऱ्यावरही जगते. आपल्या मिश्र पिकांनी तिला असा आसरा आपोआप दिला. गुलाबी अळीचा संसार मात्र जवळजवळ कापसावरच. म्हणजे विविधता ही निसर्गाची केवळ शोभा नव्हे, ती आपली ठेव आहे. येथील कृषी विद्यापीठाने १९८५ च्या सुमारास दिलेली 'परभणी क्रांती' भेंडी हळद्या रोगाला तोंड देऊ शकली, ती एका रानटी भाईबंदाशी केलेल्या संकरामुळेच.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. शब्द हा आपला विषय. 'अळीला सवय झाली' म्हटले की मात्रा वाढवावीशी वाटते. 'अळीची निवड झाली' म्हटले की कडेच्या पाच ओळी आठवतात. एका शब्दाच्या फरकाने रानातला उपाय बदलतो.