हुतुतूची दूरची वाट

मुलांनो, मातीच्या पटांगणात हुतुतू कोण खेळले नाही? एक गडी 'हुतुतू, हुतुतू' असा दम धरून प्रतिपक्षाच्या हद्दीत शिरतो आणि दम सुटण्यापूर्वी परततो. या खेळाला ना चेंडू लागतो, ना फळी. हाच खेळ आज कबड्डी या नावाने विख्यात आहे.

अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले. या मंडळाचे तरुण १९३६ साली बर्लिनला गेले आणि ऑलिंपिकच्या प्रसंगी त्यांनी आपले देशी खेळ जगास दाखविले. त्यांत हुतुतूही होता. तेव्हा देश पारतंत्र्यात होता, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या प्रवासाचे मोल कळते.

आशियाई सामन्यांत पदकासाठी कबड्डी प्रथम खेळली गेली ती १९९० साली, पेकिंग नगरीत. भारतीय संघाने सुवर्णपदक मिळविले आणि २०१४ पर्यंत ओळीने सात वेळा ते राखले. जणू ते आपल्या घरचेच होते!

परंतु इतर देशही शिकत होते. २०१८ साली जाकार्ता येथे इराणने आपल्या पुरुषसंघास उपांत्य सामन्यात २७-१८ असे हरविले. दुसऱ्याच दिवशी अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनीही भारतीय मुलींवर २७-२४ अशी मात केली. त्या मुलींना शिकविणाऱ्या शैलजा जैन मात्र आपल्या नाशिकच्या!

पुढे हांगचौ येथे २०२३ साली दोन्ही सुवर्णपदके भारताने परत मिळविली. मुलींचा अंतिम सामना अवघ्या एका गुणाने जिंकला.